सतरा नंबरचं बाळ

ऑफिसात तिला सगळे कंपाउंडर म्हणत. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. चहाच्या मशीनपाशी उभं राहिलं की पार्टिशनपलीकडून ऐकू येईल इतपत मागे. कारण एवढंच, की प्रोग्रामर व्हायच्या आधी सहा वर्षं ती एका हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर बसत होती. चिठ्ठी घ्यायची, औषध काढायचं, किती आणि कधी ते समजावून सांगायचं, चला पुढचे. मग तिने आठ महिन्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, आणि हॉस्पिटलांसाठी औषधांचे डोस काढणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या या कंपनीत लागली. आजूबाजूला सगळे इंजिनियर. आपण यांच्यात चुकून शिरलोय असं तिला वाटायचं, आणि तसं काही नाही असं सांगायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं.

रोज सकाळी दारावरच्या डबीला कार्ड टेकवताना तिला एकच वाटायचं. आज दिवा लाल होणार. आज यांना कळलेलं असणार. दिवा हिरवा झाला की तिला आश्चर्य वाटायचं. तीन वर्षं रोज आश्चर्य म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आता गुरुजींचं सांगायला हवं. गुरुजी काही शाळेत शिकवत नव्हते. टीममधले सगळ्यांत जुने, म्हणून ते नाव पडलेलं. त्यांनी ते आनंदाने अंगाला लावून घेतलं होतं. आवाज इतका मऊ, की ऐकायला समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. एकदा वाकलं की पुन्हा सरळ व्हायचं कधी, हे गुरुजी ठरवायचे.

या धंद्यात एक रीत आहे. तुम्ही लिहिलेला कोड तसाच आत जात नाही. दुसरा कोणी तो वाचतो, खाली शेरे मारतो, शंका विचारतो, आणि समाधान झालं की मंजूर करतो. आत गेलेल्या प्रत्येक ओळीला ती कोणी पाठवली त्याचं नाव कायमचं चिकटतं. दहा वर्षांनीही कोणी त्या ओळीवर बोट ठेवलं तर नाव वर येतं. रीत चांगली आहे. सुरीही चांगलीच असते, कोणाच्या हातात आहे एवढंच बघायचं.

पहिल्या महिन्यात तिने चाळीस ओळी पाठवल्या. गुरुजींनी त्यांवर सदतीस शेरे मारले. ‘हे नाव असं का?’ ‘इथे मोकळी जागा का सोडली?’ ‘हे कुठे शिकलीस?’ सदतिसावा शेरा म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. ती जिन्यात जाऊन बसली. थोड्या वेळाने गुरुजी आले, शेजारच्या पायरीवर टेकले.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. इथले लोक फार कडक आहेत. पुढच्या वेळी मला दे, मी माझ्या नावाने पाठवतो. कोणी छळणार नाही तुला."

तिने दिलं. त्याच चाळीस ओळी, एका स्वल्पविरामाचाही फरक नाही. दहा मिनिटांत मंजूर झाल्या, वर कोणीतरी टाळ्यांचं चित्र डकवलं. आता कोणत्याही शहाण्या माणसाला इथे प्रश्न पडला असता, की ओळी त्याच तर टाळ्या कोणाला? तिला नाही पडला. तिला वाटलं, देवमाणूस भेटला. तिने उपकार मानले.

मग तेच सुरू झालं. ती लिहायची, गुरुजींच्या मशीनवर नेऊन द्यायची, गुरुजी ‘बरं’ म्हणायचे आणि बटण दाबायचे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये म्हणतात. हिने त्याच्या पुढची पायरी गाठली: स्वतःची विहीर दुसऱ्याच्या नावावर केली, आणि मग त्याच्याच ओंजळीने पाणी पिऊन वर ‘थँक यू गुरुजी’ म्हटलं. तीन वर्षांत डोस काढणारा जवळजवळ सगळा भाग तिने लिहिला. रेकॉर्डवर तिच्या नावाने अकरा ओळी होत्या, त्यातल्या तीन कोऱ्या.

आणि काल कंपनीने शिबिर ठेवलं. विषय: आपण खोटे आहोत, आपलं बिंग फुटणार, ही भीती. बाहेरून एक ताई आल्या होत्या, गळ्यात लाकडी मणी. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या गोल मांडून बसवलं, चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाल्या, "आपण खोटे आहोत असं कधी वाटतं ते लिहा. नाव नको." हिने लिहिलं, ‘रोज’. मणीवाल्या ताई म्हणाल्या, हा आपल्या मनाचा खेळ असतो. आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी पुरेशी आहे. मग गुरुजी उठले. डोळे मिटून, त्या मऊ आवाजात म्हणाले, "खरं सांगतो, मलासुद्धा वाटतं कधी कधी. की हे सगळं माझं नाहीच." टाळ्या. गोलातल्या दोघींनी डोळे पुसले. आणि हिला, आपल्या कंपाउंडरला, गुरुजींची दया आली! घरी जाताना ती मनात म्हणत होती, बिचारे, एवढा मोठा माणूस आणि त्यांनाही वाटावं?

हे काल. आज सकाळी अकराला मीटिंग होती.

मीटिंगला चौघंच. मॅनेजर मॅडम, गुरुजी, ती, आणि तपासनीस काका. काका म्हणजे टेस्टिंगवाले. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं, जगातल्या कोणाशीच पटत नसलेलं. त्यांच्या सहीशिवाय नवीन प्रोग्रॅम बाहेर पडत नसे. दुपारी दोन वाजता तो हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात चालू व्हायचा होता. भिंतीवरच्या पडद्यावर बेचाळीस टेस्टची रांग दिसत होती. टेस्ट म्हणजे एक काल्पनिक पेशंट: वय अमुक, वजन तमुक, औषध हे, डोस इतका आला पाहिजे. आला तर हिरवा, नाही तर लाल. एक्केचाळीस हिरवे होते.

"सतरा लाल आहे," काका म्हणाले. "मी सही करणार नाही."

"काका, ती माझीच टेस्ट आहे." गुरुजी हसले. "बघा, नाव माझंच आहे. फार जुनी. एक किलो तीनशे ग्रॅमचा पेशंट! असा पेशंट असतो का कुठे? तेव्हा गंमत म्हणून टाकली असेल. मी काढून टाकतो, मग सगळं हिरवं."

"परवापर्यंत हिरवी होती," काका म्हणाले.

"मी काल थोडी साफसफाई केली ना. डोसचे मिली जवळच्या आकड्यावर आणायचे दोन दोन नियम होते. दहा किलोच्या खालच्यांना मिलीच्या शंभराव्या भागापर्यंतचा, वरच्यांना अर्ध्या मिलीचा. उगाच पसारा. आता एकच नियम, सगळ्यांना अर्ध्या मिलीच्या पटीत. सुटसुटीत."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "तुमचीच टेस्ट आहे ना? मग काढा. दोनला त्यांना हवंय."

तिच्या मनात नेहमीचं सगळं ओळीने आलं. आपलंच काहीतरी चुकत असणार. गुरुजींना काही माहीत असणार जे आपल्याला माहीत नाही. एवढे इंजिनियर, आणि आपण खिडकीवरच्या. मूग गिळून बस, नंतर जिन्यात त्यांना हळूच विचार. ती टेबलाच्या कडेला नखाने घासत राहिली. मग कानात उशिरा शिरलेला शब्द आत जाऊन पोचला. गंमत म्हणून.

एक किलो तीनशे ग्रॅम म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ. दोन महिने आधी जन्मलेलं, चार वर्षांपूर्वी. काचेच्या पेटीत, हाताच्या पंजाएवढं, नाकाला नळी. ती तेव्हा खिडकीवर होती, जेवणाच्या सुट्टीत जिने चढून वर जायची. एकदा नर्स डोस भरत होती. एवढीशी सिरिंज खिडकीपाशी नेऊन तिने उजेडात धरली, डोळा बारीक करून रेघ बघितली आणि म्हणाली, "पॉइंट सव्वीस. इथे अर्धा मिली म्हणजे दुप्पट होतो. मोठ्या माणसाला कळतही नाही, याला झेपणार नाही." बहीण काचेला तळहात लावून उभी होती. तीन आठवडे उभी होती.

अर्ध्या मिलीच्या पटीत. सव्वीसचा होणार पॉइंट पाच. दुपारी दोन वाजता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. निदान एवढा सरळ, एवढा कामाचा तर नव्हताच.

"ती तुमची नाही," ती म्हणाली.

"काय गं?" गुरुजी. मऊ.

"ती टेस्ट तुमची नाही. माझी आहे. आणि ते दोन नियम म्हणजे पसारा नव्हता, तेही माझेच होते. सहा ओळी. तुम्ही उडवल्यात."

मॅडमनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "इथे तर त्यांचं नाव आहे."

"नाव त्यांचंच आहे. मीच दिलंय. माझी अक्कल चरायला गेली होती. पण त्यांना विचारा ना, सतरा नंबर कोण आहे?"

"कोण म्हणजे?" गुरुजी आता तिच्याशी नाही, मॅडमशी बोलत होते. "टेस्ट डेटा आहे तो, त्यात कोण असायचंय? अगं, शांत हो आधी. कालच्या शिबिराने जरा हललीयेस तू. होतं असं."

"मी हललेली नाहीये! मी चिडलेय. फरक कळत नसेल तर शिबिराला परत जा." तिने खुर्ची मागे सारली आणि पडद्याकडे पाठ केली. "काका, तुम्ही पडद्यावर बघा. मी बघत नाही. चार नंबर माझी आई. वय एकाहत्तर, अठ्ठावन्न किलो, एकच मूत्रपिंड चालतं, म्हणून डोस निम्मा."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "बरोबर."

"नऊ नंबर माझा मामा. एकशे सव्वीस किलो. वजनाच्या हिशोबाने डोस वाढत गेला तर माणूस मरेल, म्हणून वर मर्यादा. ती मर्यादा लागते की नाही हे बघायला मामा."

"बरोबर."

"बावीस नंबर सासूबाई. तिथे वजनाची जागा रिकामी आहे. वजन विचारलं की त्या विषय बदलतात. पेशंटही तेच करतात, सहा वर्षं बघितलंय मी. वजन नसेल तर प्रोग्रॅमने अंदाज करायचा नाही, थांबायचं आणि विचारायचं."

काकांच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसल्यासारखा होता, पण काका हसतात यावर ऑफिसात कोणी विश्वास ठेवला नसता. "बरोबर," ते म्हणाले.

"एकतीस माझी मुलगी. पहिल्या वाढदिवशी बरोबर दहा किलो. ना कमी ना जास्त." तिचा आवाज चढला होता, पार्टिशनपलीकडे टकटक थांबली होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "आणि सतरा माझ्या बहिणीचं बाळ. असा पेशंट असतो का म्हणता? असतो. त्या वॉर्डात आत्ता या घटकेला तीन-चार तरी असतील. दोन वाजता त्यांना दुप्पट डोस जाणार, आणि तुम्ही म्हणता गंमत?"

मॅडमनी गुरुजींना विचारलं, "पॉइंट सव्वीसचा पॉइंट पाच होतोय हे तुम्ही बघितलं होतं?"

गुरुजींनी मान डोलावली, आणि चेहऱ्यावर कालचंच, डोळे मिटतानाचं भलेपण आलं. "मी तर पहिल्यापासून सांगत आलोय मॅडम. हिच्यात फार आहे. फक्त आत्मविश्वास कमी पडतो."

आयत्या बिळावर नागोबा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बिळातून बाहेर काढल्यावर तोच नागोबा उंदराला शाबासकी देतो, हे तिने पहिल्यांदा बघितलं.

"कमी पडत नव्हता," ती म्हणाली. "पाडलात. सदतीस शेरे मारून पाडलात, आणि मग जिन्यात येऊन उचलायला हात दिलात." आणि एकदम तिला कालची चिठ्ठी आठवली. ती ‘रोज’ लिहिलेली. मनाचा खेळ म्हणे! मनाला एकट्याला एवढं जमत नाही. कोणीतरी रोज पाणी घालत होतं, आणि घागर भरून द्यायला ती स्वतः जात होती. गुरुजींना मात्र काल जे वाटलं, की हे सगळं माझं नाहीच, त्याला आजार म्हणायचं कारण नव्हतं. ती खरी माहिती होती, आणि सगळ्यांनी तिला टाळ्या वाजवल्या.

मॅडम उभ्या राहिल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. घाईत असलेल्या बाई होत्या, आणि घाईत जे नाव समोर दिसतं तेच खरं वाटतं. "नावांचं आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या.

"नंतर नाही. दोनच्या आत. दुरुस्ती मी करणार, माझ्या मशीनवरून, माझ्या नावाने. नाहीतर काकांची सही नाही."

"नाहीच," काका म्हणाले.

मॅडमनी हॉस्पिटलला फोन लावला, एक तास मागून घेतला.

ती जागेवर जाऊन बसली. मागे खिडकी होती, कीबोर्डवर ऊन पडलं होतं. गुरुजींच्या साफसफाईने बाकीचंही इकडचं तिकडे झालं होतं. तिने एकेक ओळ जागेवर आणली, आपल्या सहा ओळी नव्याने लिहिल्या. दहा किलो आणि त्याखाली हा नियम, वर तो नियम. पाठवणाऱ्याचं नाव विचारणारी चौकट आली. तिने नाव टाकलं, आडनावासकट. बटण दाबलं. मंजुरी मॅडमनी स्वतः दिली.

पडद्यावर एक एक दिवा लागत गेला. पंधरा, सोळा, सतरा हिरवा. तिने श्वास सोडला. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

एकतीस लाल.

ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या वळल्या असं तिला वाटलं. कदाचित खरंच वळल्या असतील. दहा किलो बरोबर असलेली तिची मुलगी. डोस दोन मिली यायला हवा होता, दोन पूर्णांक तेरा आला. नेहमीचं सगळं पुन्हा धावत आलं. बघ, निघालीस ना शेवटी खोटी. तीन वर्षांनी नावाने पाठवलंस आणि पहिल्याच घासाला खडा.

गुरुजी तिच्या मागे येऊन उभे होते. कधी आले कळलं नव्हतं. त्यांची सावली कीबोर्डवर पडली. "राहू दे," ते अगदी हळू म्हणाले, पुढे वाकावं लागेल इतकं हळू. "म्हणून म्हणत होतो घाई नको. दे इकडे. मी नीट करून पाठवतो." आणि त्यांचा हात कीबोर्डकडे आला, तीन वर्षांच्या सवयीने.

ती वाकली नाही. पडद्यावरच्या लाल दिव्याकडे तिने नीट बघितलं. कालपर्यंत असा एक दिवा म्हणजे तिचं बिंग होतं. आज तो नुसता एक दिवा होता, आणि तो काय सांगतोय ते सरळ वाचता येत होतं: बरोबर दहा किलो वरच्या नियमात जातात, खालच्या नव्हे. रागाच्या भरात एक शब्द जास्त पडला होता. ही टेस्ट नसती तर चूक कळलीही नसती. आणि टेस्टही तिनेच लिहिली होती.

"हात काढा," ती म्हणाली. "चुकलंय. माझं चुकलंय, खाली माझं नाव आहे, वाचा. आता बाजूला व्हा, गुरुजी. तुम्ही उजेड अडवताय."

गुरुजी बाजूला झाले. हळूच काहीतरी पुटपुटले. पण ऐकायला कोणी वाकलेलं नव्हतं. मग ते आपल्या जागेवर गेले. तिने ‘दहा किलो आणि त्याखाली’ मधला ‘आणि’ काढून ‘दहा किलोच्या खाली’ केलं आणि पुन्हा पाठवलं. या वेळी तिने दिवे मोजले नाहीत. काका मोजत होते, मोठ्याने, शाळेत पाढे म्हणतात तसे.

"बेचाळीस," काका म्हणाले आणि सही केली. मग कागद हातात घेऊन तिच्या टेबलापाशी आले, चष्म्यावरून स्क्रीनकडे बघत राहिले. तिथे तिच्या नावाने दोन नोंदी दिसत होत्या, एकाखाली एक. वरची बरोबर, खालची चुकलेली.

"या दोन्ही मिळून एक करता येतात, माहितीये ना?" काका म्हणाले. "सगळे करतात. ती चुकलेली दिसणारच नाही कोणाला. पहिल्याच झटक्यात बरोबर आलं असं दिसेल. करू?"

"नको काका," ती म्हणाली. "दोन्ही माझ्या आहेत."